वत्सलाताईंचा आकड्यांचा पेपर

मागच्या महिन्यात मी आदिलाबादहून बोथच्या गाडीत बसले ते वत्सलाताईंना भेटायलाच. पिशवीत त्यांच्यासाठी घेतलेलं पेरूचं पुडकं होतं. कंडक्टर ओळखीचा, वीस वर्षांपूर्वी दर रविवारी याच गाडीत आम्हा दोघींना तो शेजारशेजारची जागा धरून द्यायचा. तिकीट फाडता फाडता तो थांबला. म्हणाला, "ताईच्या घरी चाल्ल्या ना? तेरवी बी होऊन गेली बाई... तुमाले कळवलं नाही कोणी?" त्यांच्या मुलानं पत्र घातलं होतं, ते माझ्या जुन्या पत्त्यावर गेलं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मी हातातलं तिकीट बघत बसले. मधेच उतरून परत फिरावं असं एकदा वाटलं. पण गाडी चालत राहिली आणि मीही बसून राहिले. बोथ येईपर्यंत मी त्यांच्याजवळच होते म्हणा ना.

ताईंची माझी ओळख एका अभ्यासक्रमातली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विद्यापीठानं घर-नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी रविवारचे वर्ग आदिलाबादला सुरू केले होते. व्यापारातले आकडे गोळा करायचे, त्यांचा अर्थ लावायचा आणि दुकानदाराला, कारखानदाराला उपयोगी पडेल असं काही सांगायचं, असा तो विषय. आता त्याला भारदस्त नावं आहेत आणि सगळं संगणकावर होतं. आम्ही त्याला नुसतं 'आकड्यांचा पेपर' म्हणायचो, आणि अख्ख्या वर्गात मिळून दोन कॅल्क्युलेटर होते. मी नेरडीगोंड्याच्या कापूस-ज्वारीच्या घरातली, बी.कॉम. झालेली, एकवीस वर्षांची. लग्नाचं बोलणं चालू होतं, तेवढ्यात एवढा एक अभ्यास करते म्हणून वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं.

पहिल्या रविवारी चाळिशीच्या एक बाई आत आल्या. पांढरी सुती साडी, काखेत फाईल. आम्ही सगळे उठून उभे राहिलो, प्राध्यापिका असतील म्हणून. त्या दारातच थबकल्या, मग हसून म्हणाल्या, "बसा, बसा. मी बी तुमच्यातलीच." आणि येऊन माझ्याच बाकावर बसल्या.

त्या बोथला सरकारी कचेरीत नकला करायच्या. जुन्या कागदांच्या, दाखल्यांच्या नकला. यजमान शाळेत मास्तर, मुलगा आठवीत. या वयात हे कशाला, असं मी गाडीत एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "वीस वर्षं झाली, दुसऱ्यानं लिहिलेलं उतरवून राह्यले. एकदा तरी आपण सोता काही शोधावं अन् आपल्या हातानं लिहावं, असं वाटते."

गणित मात्र त्यांना जड जायचं. प्रमाण विचलन म्हणजे काय हे प्रभाकर सरांनी तेलुगू, इंग्रजी, हिंदी अशा तिन्ही भाषांत सांगून पाहिलं. ताई नुसत्या मान हलवायच्या. पुढच्या रविवारी मात्र नेरडीगोंड्याच्या थांब्यावर मी गाडीत चढले तशा उत्साहानं म्हणाल्या, "कळलं मले! हे पाह्य, दोन गाड्या हायेत. दोघींची यायची सरासरी वेळ आठच. एक पाच मिनटं इकडं नाहीतर तिकडं. दुसरी कदी साताले, कदी नवाले. सरासरी सारखी, पण भरवसा एकीचाच. तो भरवसा मोजाचा, बस." वर्गात त्यांनी हे उदाहरण सांगितलं तेव्हा सर खडू खाली ठेवून म्हणाले, "अम्मा, पुढच्या वर्षी हे मी सांगणार."

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष माहिती गोळा करून प्रकल्प लिहायचा होता. ताईंनी आम्हा दोघींसाठी विषय काढला बोथच्या चपलांच्या दुकानाचा. तिथल्या शेटजींची तक्रार अशी, की बायका येतात, चप्पल घालून बघतात आणि न घेताच जातात. "नंबर तो सब रखता हूँ," ते म्हणायचे. ताई म्हणाल्या, मग आपण पायच मोजू. शंभर बायकांचे पाय, लांबी आणि रुंदी. बोथच्या बाजारातल्या त्या मोजणार आणि नेरडीगोंड्याकडच्या मी.

बोथच्या आठवडी बाजारात त्या शिंप्याचा टेप घेऊन जमिनीवर बसल्या. बायकांना हसू आवरेना. टोपलीवाली एक म्हातारी म्हणाली, "पाय कायले मोजून राह्यली व बाई? पायाले नोकरी लावतं का?" ताई म्हणाल्या, "लावते ना, पण आधी नाव सांगा." नाव विचारल्याशिवाय त्या पाय मोजत नसत.

माझ्याकडून मात्र ते झालं नाही. गावात दोन दिवस मी पाय मोजले. तिसऱ्या दिवशी होणाऱ्या सासरचे एक सोयरे रस्त्यानं जाताना थांबून बघून गेले. संध्याकाळी काकू माझ्यावर तुटून पडली. "गावभरच्या बायांचे पाय धरत बसली व तू? लोकं काय म्हनतीन? सोयरीक मोडाची हाये का?" मी घाबरले. वीस फॉर्म उरले होते. ते मी घरात बसून, मनानंच, सुचतील तसे आकडे टाकून भरले. नावंही घातली, सुमन, गंगाबाई, लक्ष्मी.

रविवारी गाडीत ताईंनी ते गठ्ठे चाळले. मग वरचे वीस वेगळे काढून माझ्या मांडीवर ठेवले. "सुनंदा, ही पावलं कोणाची हायेत?"

मी ते वीस फॉर्म उलटे करून ठेवले.

"बाकीच्या बायांचे पाय पाह्य, कसे हायेत. कोणाचा पंजा पसरट, कोणाचं बोट वाकडं. अन् ह्या विसी जणी अशा कशा एकासारख्या एक? यांचं विचलनच नाही निघत काही."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खिडकीबाहेर बघत स्वतःचीच एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका नकलेत त्यांनी एका म्हाताऱ्याच्या बापाचं नाव चुकीचं उतरवलं होतं. त्या नकलेवरून दुसरी निघाली, दुसरीवरून तिसरी. म्हातारा चारदा पायी कचेरीत आला, आपल्या बापाचं नाव तेच आहे हे पटवायला. "मी निस्ती चुकली होती," त्या म्हणाल्या, "तरी त्याच्या समोर मान वर नाही करता आली. अन् तू तर जाणून लिहिलं... मले तुह्यावर राग नाही. पण हे मी सही करून देऊ नाही शकत."

मी रडले. सोयऱ्यांचं, काकूचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा वर्ग बुडवून त्या सरळ आमच्या घरी आल्या. चहा झाला. मग भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या काकूपुढं त्या मांडी घालून बसल्या आणि टेप काढला. काकूनं पाय आखडले. कचेरीतली, शिकलेली बाई!

"ताई, तुमी काऊन माह्या पायाले हात लावता? पाप लागंन मले!"

"पाप नाही लागत, काकू. तुमच्या पोरीचा पेपर सुटते."

काकू हसली. पाय पुढं आला. भेगाळलेला, बोटं फाकलेली, चांगलाच रुंद. काकू आयुष्यभर काकांच्या जुन्या चपला घालायची. आम्हाला वाटायचं ती काटकसर आहे. ताईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बायकी चपला पायात जातच नाहीत. लांबीले पुरतात, पंजाले आवळतात." ताईंनी माझ्याकडं पाहिलं. सरासरी, विचलन, सगळं बाजूला राहिलं आणि शेटजींच्या तक्रारीचं उत्तर आमच्या ओसरीवर सापडलं. त्या दुपारी काकू स्वतःच शेजारपाजारच्या बायांना बोलावून आणत होती. वीस फॉर्म दिवेलागणीच्या आत भरले. माझी सोयरीकही मोडली नाही. सासरच्या लोकांना, पुढं कळलं, त्या पाय मोजण्याची गंमतच वाटली होती.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक इंग्रजीत विचारू लागले. ताई अडखळल्या. सरांनी हिंदीत बोलायची परवानगी मागितली. परीक्षकांनी विचारलं, हे आकडे खरे कशावरून? ताई म्हणाल्या, "साहेब, हर एक का नाम बता सकती हूँ," आणि कागद न बघता सुरुवात केली. कोण, कोणत्या गावची, शेतात जाते की बाजारात बसते. पंधरा-सोळा नावं झाल्यावर परीक्षकांनी हात जोडले, "बस, अम्मा, बस." आम्ही दोघीही दुसऱ्या श्रेणीत पास झालो. शेटजींनी रुंद पंजाच्या बायकी चपला मागवल्या. पहिला जोड काकूनं घेतला आणि तो दोन दिवस सगळ्या गल्लीला दाखवला.

त्या पदवीनं ताईंना बढती मिळाली नाही. निवृत्त होईस्तोवर त्यांनी नकलाच केल्या. मी पुढं आदिलाबादला नोकरीला लागले, आकड्यांच्याच कामात. एकदा मीच हळहळले, तुमच्या शिकण्याचं काही चीज झालं नाही म्हणून. त्या खळखळून हसल्या. "अगं, दोन वर्षं मी रविवारची वाट पाह्यली. लगन झाल्यापासून मी कशाची अशी वाट पाह्यली होती, सांग बरं?" त्यांचं समाधान हे असं होतं, कुणाला दाखवण्यापुरतं नव्हतं.

...बोथला घरी पोचले तेव्हा त्यांची सून भाजी निवडत होती. मला पाहून उठली, पाणी दिलं. शेवटी त्रास फार झाला नाही, झोपेतच गेल्या, म्हणाली. मग स्वयंपाकघरात चहाला गेली आणि मी ताईंच्या खोलीत बसले. खाटेजवळ भिंतीवर दिनदर्शिका होती. तिच्या प्रत्येक चौकोनात ताईंच्या बारीक अक्षरात त्या दिवशी दारावर नवीन काय आलं ते लिहिलेलं. 'वालाच्या शेंगा, कोवळ्या.' 'बोरं, आंबट.' 'आज काही नवं नाही.' चहा घेऊन आलेली सून म्हणाली, रोज सकाळी भाजीवालीशी गप्पा झाल्या की त्या हे लिहायच्या, दुखण्यातसुद्धा चुकलं नाही. एका चौकोनापाशी ते अक्षर संपलं होतं. पुढचे तीन कोरे. चौथ्यापासून दुसरं, जरा मोठं, वळणदार अक्षर सुरू झालं होतं.

मी सुनेकडं पाहिलं. ती ओशाळली. "भाजीवाली रोज थांबते ना दाराशी," ती म्हणाली. "विचारते, आज लिवलं का नाही?"

मी आणलेलं पुडकं तिच्या हातात दिलं. तिनं ते सोडून पाहिलं, आत गेली, पेन घेऊन आली आणि त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं, 'पेरू. आदिलाबादचे.'