सुधाकरचा खचलेला डोंगर

सुधाकर गेल्याची खबर आली तेव्हा मी त्याचीच गोष्ट सांगत होतो, आणि ती ऐन रंगात आली म्हणून मी फोन कापला. दोनदा. मुकुंदवाडीला पुतणीकडं बारसं होतं, समोर दहा-बारा माणसं, माझ्या हातात टम्म फुगलेली पुरी… तिसऱ्यांदा फोन सुमनला, माझ्या बायकोला आला. तिचा चेहरा पाहून मी पुरी हळूच ताटात ठेवली.

सुधाकर माझा आतेभाऊ, सिल्लोडचा. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. घराण्यात गोष्टी सांगणारा मी. हे पद मला कुणी दिलं नव्हतं, पण मी सोडायलाही तयार नव्हतो. सुधाकरकडं गोष्ट एकच. राजस्थानातला डोंगरांचा एक गोल. उमेदीची वर्षं तिथं दगड फोडत हिंडला आणि येताना एक गुलाबी दगड घेऊन आला. आमच्या काळ्या कातळाच्या मुलखात असला दगड, आणि दिला कुणाला, तर सुमनला! मी चिडून तो लोणच्याच्या बरणीवर ठेवला. "बरं झालं, वजन पायजेच होतं," म्हणत ती उलट खूशच.

आमच्याकडं जेवायला बसला की सुधाकर पुरी उचलायचा. "पोरांनो, हे बघा. जमिनीच्या पोटात तापलेला रस साठला, वर डोंगर फुगला. मग रस बाहेर ओतला गेला, आत पोकळी राहिली. छताला आधार नाय…" आणि बोटानं पुरी दाबायचा. "मधलं सगळं खाली बसलं. कडेनं गोल भेग पडली, तिच्यात रस चढला अन् थिजला. कोट्यवधी वर्षांत बाकीचं झिजलं, ही कड तेवढी उरली. तेच ते डोंगर." पोरं आ वासून. सुमन हातात झारा धरून तशीच उभी. माझ्या भुताच्या गोष्टी मात्र ती मेथी निवडता निवडता ऐकायची.

पुरी दबली की मी उठायचो. स्कूटरला कुलूप लावलं का ते बघायला.

"दादा, शेवट राहिला की!" सुधाकर मागून हाक मारायचा.

"पाठ हाय मला," मी अंगणातून ओरडायचो. खोटं नव्हतं ते. तो नसला की तीच गोष्ट मी सांगायचो. माझ्या गोष्टीत त्या डोंगरावर मीही चढलेला असायचो. शेवटच्या भेटीत, खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "माझी गोष्ट सांगतोस म्हणं. सांग… पण शेवट गाळू नको." मला वाटलं, जाता जाता हक्क सांगतोय. मी नुसतं "व्हय, व्हय" केलं.

परवा सुमन पुऱ्या तळत होती. ताटातली एक आपसूक खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं कौतुक केलं, "काय दिमाग होता बघ सुधाकरचा! पुरीत डोंगर दिसला त्याला."

सुमननं बरणीवरचा दगड उचलला, पदरानं पुसला, लोणचं वाढलं आणि दगड जागेवर ठेवला.

"पुरी मी दाखवली होती त्यांना. पोरांना समजावताना अडले होते. म्हणून तर दगड दिला. दर वेळी शेवटी सांगायचे भाऊजी, ही पुरी वैनीची म्हणून… तुम्ही कधी बसले का शेवटपर्यंत?"