बिनकडीचं दार

अक्का गेल्याचं मला शेजारच्या जाधव अण्णांनी फोनवर सांगितलं. मी बेंगळुरूच्या दुसऱ्या टोकाला, कोरमंगलात, ऑफिसच्या जिन्यात होते. "पोरी, अक्का गेली ग. चहा ठेवला होता, तशीच खुर्चीत बसली..." त्यांचा आवाज खरोखर फुटला होता. आणि त्याच फोनवर, हुंदका गिळून, ते म्हणाले, "ते कंपनीचं आता... तेरावं झालं की बोलू, सरी?" काही आठवडे झाले. मला अजून आठवतो तो हुंदका नाही, ते कानडी "सरी", म्हणजे "ठीक ना?"

अक्का माझी मावशी, पण सगळ्या गल्लीची अक्काच. टेलिफोनच्या कारखान्यात तारांची वेटोळी गुंडाळण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. युनियनची पत्रकं ती घरी आणायची, त्यांच्या घड्या घालत मी वाचायला शिकले. कारखाना बंद पडला तेव्हा ती रडत बसली नाही, बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत घरोघर फिरली. गच्च्या आपल्या, ऊन फुकट, मग वीज आपण का करू नये? अशी आमची वीज सहकारी संस्था उभी राहिली. सगळ्या गच्च्यांवरची वीज एकत्र धरायची, प्रत्येकाचं बिल सारखंच हलकं करायचं, आणि उरेल त्यातून गच्ची नसलेल्या भाडेकरूंची बिलं भरायची. नफा कुणी घरी न्यायचा नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात भांडणं लागली. पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते. मग कोण आळशी, कुणामुळे सगळ्यांचं नुकसान... अक्काने नियम केला: आपली पॅनेलं आपण पुसायची नाहीत, शेजाऱ्याची पुसायची. लोक हसले, आणि मग बादल्या घेऊन एकमेकांचे बाहेरचे जिने चढू लागले. अक्काने तर आमच्या गच्चीच्या दाराची कडीच काढून टाकली. जाधवांच्या गच्चीवरून ती ओरडायची, "अण्णा, बाटल्या टाकीमागे सरकवल्यात हो, सूनबाई कपडे घेऊन वर येतेय!" सुनेसकट सगळी गल्ली हसायची. "अक्का, पॅनेल पूस, माझी अब्रू नको पुसूस!" अण्णा खालून.

पुढे घराघरांवर कॅमेरे आले, गच्च्यांना कुलपं लागली. मग एक कंपनी आली. गच्च्यांचं भाडं देऊ, पुसायला आमची माणसं येतील. "आणि भाडेकरूंचं काय?" अक्काने सभेत विचारलं. अण्णा म्हणाले, "स्वल्प, थोडा व्यवहार बघ ग. गुडघे बघ आपले. कोण चढणार?"

"मग जिना चढवत नाही म्हणा अण्णा. संस्था चालत नाही असं नका म्हणू."

ती अध्यक्ष होती तोवर तिने ठराव मांडूच दिला नाही. तेराव्यानंतर सभा झाली. मी उभी राहिले, माझ्या परीने भांडले. लोक मोबाईलकडे बघत ऐकत होते. माझा सोडून सगळ्यांचे हात वर गेले. अण्णांचाही. ही माणसं वाईट नाहीत, याचाच मला संताप येतो. सहकार असाच मरतो: प्रत्येकजण हळू आवाजात, गुडघ्यांचं कारण सांगून, आपापल्या दाराला कुलूप लावतो. गल्लीच्या टोकाच्या खोलीत शिलाई मशीन चालवणारी भाडेकरू बाई मला विचारते, "पुढच्या महिन्याचं बिल मीच भरायचं का?"

पुढच्या महिन्यापासून कंपनीची माणसं येतील. तोवर नियम आहे. मी बादली घेऊन जाधवांकडे गेले, गच्चीला कुलूप होतं. हाक मारली... कुणी ओ दिली नाही. आमची पॅनेलं अण्णांच्या वाट्याची. पॅनेलांवर धुळीचा थर आहे, बोट ओढलं की रेघ उमटते. अक्काने तारेवर टाकलेलं फडकं वाळून कडक झालंय. मला पुसता येईल, काही मोठं काम नाही. मी पुसत नाही. वाऱ्याने ते बिनकडीचं दार आपटतं, आणि दर वेळी मी जिन्याशी जाऊन कान देते. बादलीचा आवाज येत नाही.