तार काढलेली मशीन

सोनकच्छहून देवासला येणाऱ्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. हातात एक राखाडी तार होती. ती बोटांभोवती गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा.

फोनवरचं माझं मराठी ऐकून बोलायला लागला. कारखान्यात नोकरी करून यानं घरी सोयाबीनची नमी, म्हणजे ओलावा, मोजायची मशीन बनवली होती. नमी जास्त निघाली की भाव पडतो, आणि मंडीत तो आकडा माल घेणाऱ्या सेठचा माणूस वाचून सांगतो. म्हणून यानं मशीनला तार जोडली होती. आकडा थेट प्रिंटरवर जाणार आणि चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडणार. ती मशीन घेऊन तो सोनकच्छच्या मंडीत सेठकडे गेला होता.

"मग सेठ काय म्हणाले?"

"म्हणाले, भिया, मशीन तो बढ़िया है, बस ये तार हटा दो."

"आणि तुम्ही?"

"काढली. एवढं तिला बोलायला शिकवलं, यांना मुकीच हवी होती."

मला त्याचाच राग आला. खरं तर सेठचा यायला हवा होता.

पुढे सोनकच्छच्या मंडीत ती मशीन पाहिली. सेठचा माणूस समोर बसून खणखणीत आवाजात नमी सांगत होता. मशीनची पाठ शेतकऱ्यांकडे होती. तारेचं भोक लाखेनं बुजवलेलं. त्यांना मशीनचं तेवढंच दिसत होतं.