भांडणाचा नमुना

माझ्या पीएच.डी.चं वाटोळं करायला कुणी बाहेरचं आलं नाही. घरच्यांनीच ते मनापासून आणि कौतुकाने केलं.

विषय होता बुऱ्हाणपूरची मराठी. मध्य प्रदेशात, हिंदीच्या गराड्यात आणि खानदेशीच्या शेजारात ही भाषा कशी बोलली जाते आणि ती बोलणारे स्वतःला कोण समजतात, असा चांगला भारदस्त विषय. मी माहेरची नाशिकची, वडील मराठीचे शिक्षक. घरात ‘मला’च्या जागी ‘मले’ निसटलं असतं तर जेवण थांबलं असतं. लग्न होऊन बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात आले ती केळी पिकवणाऱ्या घरात, जिथे सगळेच ‘मले’ म्हणतात. माझे मार्गदर्शक सर महाराष्ट्रातल्या विद्यापीठात. ते म्हणाले, तुम्हाला हिंडायची गरजच नाही, स्वयंपाकघरात बसा आणि रेकॉर्ड करा. सरांना काय जातंय बोलायला!

अट एकच होती. बोलणं नैसर्गिक हवं, घरात रोज चालतं तसं. ते मिळत नव्हतं म्हणून माझी वर्षं वाया गेली, मुदतवाढी संपल्या. आता समितीच्या बैठकीआधी नमुने पोचले नाहीत तर नोंदणी रद्द होणार होती. सासूबाईंनी तर पार बुधवारा मोहल्ल्यापर्यंत सांगून ठेवलं होतं की आमची सून डॉक्टर होणार. दोन बायका गुडघे दाखवून गेल्यासुद्धा.

माइक बघितला की इथल्या माणसाचं काय होतं ते सांगते. आमचे चुलतसासरे दिवसभर केळीच्या बागेत मजुरांवर ओरडतात, ते अस्सल बुऱ्हाणपुरी मराठीत. त्यांच्यासमोर फोन ठेवून म्हटलं, काका, केळी कापणीबद्दल सांगा. काका उठून उभे राहिले, टोपी सारखी केली आणि शुद्ध हिंदीत किसान भाइयों को संबोधित केलं. मी म्हटलं, काका, मराठीत. तर म्हणाले, माइकवर मराठी कोण बोलतं?

बायकांचं उलटं. त्या ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. शेजारच्या काकूंना विचारलं, उडदाचे पापड कसे करता? काकूंनी पाणी प्यायलं, पदर सावरला आणि बातम्या सांगाव्यात तशा म्हणाल्या, ‘सर्वप्रथम आम्ही उडीद स्वच्छ करतो. तदनंतर ते दळून आणतो.’ तदनंतर! ही बाई उभ्या आयुष्यात कधी तदनंतर म्हणाली नव्हती. फोन बंद केला तशी निःश्वास टाकून म्हणाली, ‘माय वो, किती घाम आला मले.’ हेच, हेच मला हवं होतं, आणि ते हवेत गेलं. सरांनी ते ध्वनिमुद्रण ऐकून विचारलं, बाई, हे बुऱ्हाणपूर आहे की रेडिओवरचा महिलांचा कार्यक्रम?

मग मला अक्कल सुचली. म्हटलं, यांना मराठी सिनेमा दाखवते. बघता बघता रेकॉर्डर विसरतील, आपसात बोलतील. तसं केलं. चहा दिला, चिवडा दिला, टीव्हीपाशी फोन लपवला. सिनेमात गावाकडच्या बोलीत बोलणारा एक गडी होता. तो तोंड उघडायचा अवकाश, या सगळ्या हसून लोळायच्या. सगळ्यात मोठ्याने सासूबाई हसत होत्या. मला काही कळेना. तो गडी पुष्कळसा त्यांच्यासारखाच बोलत होता! संपल्यावर मी तसं म्हटलं, तर सासूबाईंचं हसू गेलं. ‘म्हणूनच तं,’ त्या म्हणाल्या. ‘आपल्यासारखं बोलनारं मानूस पिच्चरमधे एक तं नौकर राह्यते, नाई तं येडं. आनि तू म्हनते, माहा आवाज मोठ्या मोठ्या लोकाईले ऐकवते.’

मला वाईट वाटलं. अस्मितेवर मी एक आख्खं प्रकरण लिहून बसले होते, आणि तिच्याच घरात राहून हे मला माहीत नव्हतं. पण वाईट वाटून नोंदणी वाचत नाही. बैठक पुढच्या आठवड्यावर आली होती.

शेवटचा प्रयत्न म्हणून काकूंना आणि आणखी दोघींना पुन्हा बोलावलं. फोन स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर ठेवला. पुन्हा तदनंतर, पुन्हा सर्वप्रथम. मी हात जोडले आणि त्यांना वाटेला लावलं. तेवढ्यात चक्कीवरून दळण आलं. संध्याकाळी पाहुणे होते, भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा बेत होता. कळणा म्हणजे ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. मी नुसती ज्वारी पाठवली होती. डोक्यात समिती घेऊन दळण देणाऱ्या बाईकडून दुसरं काय होणार?

सासूबाईंनी पीठ चिमटीत घेतलं, जिभेवर ठेवलं, आणि झालं. पिठावरून सुरुवात झाली ती माझ्या शिक्षणावर गेली, शिक्षणावरून मी बदललेल्या पडद्यांवर, पडद्यांवरून नातवाच्या कोचिंगवर. मीही त्या दिवशी भरलेलीच होते. एरवी खाली मान घालून ऐकते, त्या दिवशी नाही ऐकलं. जे तोंडाला येईल ते बोलले, आणि चांगली अर्धी दुपार बोलले. शेवटी त्या देवघरात गेल्या आणि मी फळीवरून फोन काढला. तो चालूच होता. मी रागाच्या भरात तो बंद केला आणि जे असेल ते, न ऐकता, तसंच सरांना पाठवून दिलं. म्हटलं, जाऊ दे खड्ड्यात ती पीएच.डी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, पापडांचं सोडा, पण त्यानंतर जे भांडण आहे ना, ते सोनं आहे सोनं! सर थांबेनात. त्या ज्येष्ठ बाई उत्तमच आहेत, पण ती दुसरी कोण? तिची बोली अधिक अस्सल आहे. हिंदी आणि मराठी अशी मिसळते की सांधा दिसत नाही. वाक्य पाहा, म्हणून सरांनी मोठ्या प्रेमाने वाचून दाखवलं:

‘तुमी पयलेच काहून नाई सांगतलं? दर बारी माहीच गलती राह्यते का?’

अजून हिचे नमुने घ्या, म्हणाले. वय काय हिचं? पिढ्यान् पिढ्या तिथलीच असणार.

सरांशी मी नेहमी वडिलांनी घडवलेल्या मराठीत बोलत आले, त्यांनी आवाज ओळखायचा कसा? माझा मलाच ओळखता आला नसता. शेवटी सांगितलं, सर, ती मी आहे.

सर पहिल्यांदा हसले. मग त्यांच्यातला संशोधक जागा झाला आणि हसू मावळलं. तुम्ही जन्माने तिथल्या नाही, नियमात बसत नाही, म्हणाले. तुमची वाक्यं वगळावी लागतील, एकट्या सासूबाईंची ठेवू. अर्थात त्यांची परवानगी लागेल.

आता परवानगी मागायची म्हणजे ऐकवणं आलं. मी घाबरत घाबरत सासूबाईंसमोर फोन ठेवला. आदल्या दिवसापासून आमचा अबोला होता. त्यांनी पहिल्यांदा कपाळाला हात लावला. मग कान पुढे केला. मग म्हणाल्या, पुन्हा लाव. तिसऱ्यांदा ऐकताना काकूंना हाक मारली. त्या आल्या, त्यांनी ऐकलं, आणि दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या. सिनेमातल्या गड्याला हसत होत्या ते हसणं निराळं होतं. काकू तर म्हणाल्या की पडद्यांच्या मुद्द्यावर सून वरचढ आहे. सासूबाईंना ते काही पटलं नाही, पण राग आलेला दिसला नाही.

मी सांगितलं की सरांना फक्त तुमचं बोलणं ठेवायचंय, माझं काढायचंय. काहून, त्यांनी विचारलं. मी नियम समजावला. मी बाहेरची आहे, म्हणून. खरं सांगायचं तर सरांच्या त्या वाक्याने मला लागलं होतं. नोंदणी वाचणार होती, हातात नमुना होता, मला उड्या मारायला हव्या होत्या, आणि मी रडकुंडीला आले होते. नाशिकला गेलं की भावजया माझ्या बोलण्याला हसतात. इथे मी नाशिकची. म्हणजे मी आहे तरी कुठली?

सासूबाई म्हणाल्या, फोन लाव तुह्या सरले. मी म्हटलं, आई, राहू द्या. लाव म्हनलं ना, म्हणाल्या.

सरांनी फोन उचलला. सासूबाईंनी पाणी प्यायलं नाही, पदर सावरला नाही, उठून उभ्याही राहिल्या नाहीत. भाजी निवडत होत्या तशाच बसून बोलल्या.

‘सर, मी सासू बोलू रायली. माहं घ्यायचं तं दोघीइचं घ्या, नाई तं माहं बी नका घेऊ. आनि हे बाहेरची हाये, असं कोन म्हनलं तुमाले? बाहेरचं मानूस माह्यासंगं असं भांडलं असतं का?’