सगळ्यांचं गोत्र काश्यप

अभिषेकाला बसलेल्याला गोत्र ठाऊक नसेल, तर संकल्पात काश्यप म्हणायचं, ही जुनी रीत. पुसेगावच्या महादेवाचे पुजारी दत्तोपंत हल्ली सगळ्यांनाच काश्यप म्हणत. “लोकं तोंडातल्या तोंडात पुटपुटून राहिले,” असं घरी येऊन चिडत. घंटा त्यांना बरोबर ऐकू यायची, मग कानांवर संशय कशाला घेतील?

एका सोमवारी मुलगा अनिरुद्ध मागेच उभा होता. यजमान स्पष्ट “भारद्वाज” म्हणाला आणि वडील “काश्यप” म्हणाले. त्याला उमगलं. हिंगोलीला तपासणी झाली, कानाला मशीन बसलं.

मग नेहमीचे रंगनाथराव अभिषेकाला आले.

“गोत्र?”

“कौशिक.”

दत्तोपंत चमकले. “मग इतकी वर्षं सांगितलं काहून न्हाई?”

“दर वेळी सांगितलं, गुरुजी. तुमी काश्यप म्हणायचे. वाटलं, आमच्याच घरात चुकीचं सांगत आले असतील. तुमाला कसं टोकायचं?”

दत्तोपंत कसनुसं हसले. “असू द्या. देवाला सगळं कळतं.”

“व्हय,” रंगनाथराव हळूच म्हणाले. “फक्त लेकीला एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा काश्यप गोत्राचा निघाला. सगोत्र म्हणून आमीच न्हाई म्हटलं.”

ते हळूच बोलले होते, तरी दत्तोपंतांना शब्द न् शब्द ऐकू आला.