गाडीखाली मांजर नव्हतं

मुलींनो, आपण पहिलीत असताना कॉन्व्हेंटच्या सिस्टर फळ्यावर ‘कॅट’ लिहीत होत्या आणि खिडकीतून खरंच मांजर आत आलं, आठवतं?

आज बोईसरच्या गॅरेजात मेकॅनिक म्हणाला, “ताई, गाडीचा कॅट गेला हाय.” मी घाबरून गाडीखाली मांजर शोधू लागले!

“मांजर नाय ओ, धूर साफ करणारा पार्ट. आतून पोकळ हाय. आधीच कुणीतरी आतला महागडा धातू काढून विकलाय.”

नव्याची किंमत या जुन्या गाडीच्या निम्मी! डोकंच फिरलं. रविवारी सिस्टरना दातिवऱ्याचा समुद्र दाखवायचा होता. आता रिक्षाने नेऊ, पण नेऊच.

येताना वाणगावचे चिकू घेतलेत, सिस्टरना आणि तुम्हा सगळ्यांना. आणि मीनल, पोकळ कॅट तुझ्या नवऱ्याला दे. “डोळे झाकून घ्या” म्हणत त्यानेच मला ही गाडी विकली होती.