एकदा न बसता

बाजीराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दाखवत होतो. काविळीचं निमित्त झालं एवढंच ऐकलं, आणि मी त्या गिऱ्हाइकावरच खेकसलो, "घ्यायच्या तर घ्या, नाहीतर निघा!" त्या बिचाऱ्याचा काय दोष... पण शेहेचाळीस हे काय जायचं वय झालं? दीड महिना झाला, माझा राग अजून उतरलेला नाही. बेचाळीस किलोमीटर पळून दाखवणारा माणूस काविळीपुढं हरतो म्हणजे काय?

बाजीराव आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात मापाडी होता, हळदीची पोती तोलायचा. मूळ गाव विट्याजवळचं आणि घर सगळं फौजी. आजोबा, वडील, चुलते, दोन भाऊ, सगळे पलटणीत. वडील, म्हणजे आबा, सुभेदार होऊन रिटायर झालेले. बाजीरावही एकोणिसाव्या वर्षी भरतीला गेला आणि मैदानाच्या चौथ्या फेरीत धाप लागून खाली बसला. बाद! आबा एक शब्द बोलले नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. गाव मात्र बोललं. 'बसका बाजीराव' हे नाव त्याच्या लग्नाच्या पंगतीतही मी माझ्या कानांनी ऐकलंय.

साताऱ्यातली एक तालीम मॅरेथॉन भरवतेय, कोरेगावला जाऊन परत, हे त्यानं वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा तो बेचाळीसचा होता. मला म्हणाला, "गड्या, एकदा न बसता पळायचं हाय. आबांच्या डोळ्यांम्होरं." मी म्हटलं, डोकं फिरलंय तुझं. दुसऱ्या दिवशी पहाटे कॅनव्हासचे बूट घालून तो आयर्विन पुलावर हजर, आणि त्याच्या मागं सायकलवर मी! आधी हरिपूर, मग माधवनगर, मग तासगावच्या वाटेनं लांब जाऊन परत. माधवनगरात लोकांना वाटलं, मी चोराचा पाठलाग करतोय. चहाच्या गाड्यावरच्या चौघांनी त्याला धरूनच ठेवला. "आवं, मापाडी हाय मी, सोडा की!" तो ओरडतोय, आणि मी हसून हसून सायकलवरून पडायच्या बेतात. चार महिन्यांत पठ्ठ्या तीस किलोमीटरपर्यंत पोचला. पाण्याची बाटली माझ्याकडं असायची, आणि पाणी तो कठड्यावर नीट टेकूनच प्यायचा. उभ्यानं पाणी प्यालं की गुडघे धरतात, हे आमच्याकडं लहानपणापासून कानावर. मी चिडवायचो, "न बसता पळणार होतास ना?" तो म्हणायचा, "पाण्याला बसणं म्हंजे बसणं न्हवं रं." आम्हाला शिकवायला होतं कोण... मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

शर्यत सकाळी सहाला सुटली, मुदत सहा तासांची, आणि मी नेहमीसारखा सायकलवर मागं. बाराच्या आत मैदानात पोचला नाही तर बाद. परतीच्या वाटेवर चार-पाच किलोमीटर राहिले होते, हातात तासाभराचा वेळ होता, मी मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटले होते. आणि हा पाणी प्यायला मैलाच्या दगडावर टेकला तो उठेचना! पोटऱ्यांत गोळे आले, मांड्या लाकडासारख्या कडक झाल्या. पंधरा मिनिटं चोळतोय, दाबतोय, काही उपयोग नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बसलो रं परत..." ते ऐकून माझं टाळकंच सटकलं. "बसलायस तर ऊठ की! तवा एकटा होतास, आता मी हाय!" असं म्हणून बगलेत हात घालून उभा केला. नियमात बसत होतं की नाही, देव जाणे. पहिली दहा पावलं तो अक्षरशः बोंबलत चालला. मग लंगडत, मग दुडक्या चालीनं, आणि साताऱ्यातला पोवई नाका आला तेव्हा, खोटं नाही सांगत, गडी पळत होता!

मैदानात कनात सोडायला सुरुवात झाली होती. बाराला चार मिनिटं कमी असताना त्यानं रेघ ओलांडली. तिथंच तो कोसळणार, एवढ्यात गावाहून खास आलेल्या, ऐंशीच्या घरातल्या आबांनी पुढं होऊन त्याचा दंड धरला. "लगीच बसायचं नसतं. चल, माज्यासंगं चार पावलं," म्हणाले, आणि बाप-लेकानं मैदानाची अख्खी फेरी मारली. मी सायकल टाकून हमसून हमसून रडलो. जिंकलो होतो आम्ही!

तेराव्याला गावी गेलो. सोप्यातल्या भिंतीवर वर्दीतले पाच फोटो, आणि त्यांच्याच ओळीत, काचेआड, छातीवरचा कापडी नंबर, दोनशे चौदा. टाचण्यांसकट, घामाच्या पिवळ्या डागासकट. धाकटा भाऊ बाजीरावाचा फोटो घेऊन उभा होता. त्या ओळीत जागा नव्हती, म्हणून तो नंबराची चौकट उतरवायला गेला. आबा खाटेवरूनच ओरडले, "हात लावू नगंस त्येला! फोटो आत लाव. हितं त्यो कवाचा उभा हाय."